दामिगोए : एका घोगऱ्या आवाजामागे पाच दिवस

मंगळवार, 8 ऑक्टोबर 2024

निशी-कासाई स्टेशनातून बाहेर पडले आणि पहिलं वाक्य कानावर आलं ते, "अरे, डबा परत ट्रेनमध्येच विसरलास ना!" एक आई मुलाला झापत होती, अस्सल मराठीत. तोक्योच्या एदोगावा भागात आपली मंडळी बरीच. 2019 मध्ये इथल्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक निवडूनही आले होते. रात्रभर विमानात अवघडून मी नक्की पोचले कुठे, असा क्षणभर प्रश्न पडला.

भाचीकडे उतरले आहे. ती, जावई आणि सात वर्षांचा नातू. संध्याकाळी चहा घेताना जावयांनी विचारलं, "मावशी, फुजी पर्वत कधी करायचा?" म्हटलं, फुजी राहू दे, मी एका बाईच्या आवाजासाठी आले आहे. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

गंमत नाही. दोन वर्षांपूर्वी भाचीने मला जुन्या डोरेमॉनची, म्हणजे त्या जपानी कार्टूनमधल्या यंत्रमांजराची, एक चित्रफीत पाठवली होती. आपल्या मुलांनी 2005च्या सुमारापासून जो डोरेमॉन ऐकला तो हिंदीतला, सोनल कौशल यांचा. गोड, चुणचुणीत. (त्या पायी घरोघरची मराठी पोरं "मम्मी, मुझे भूख लगी है" म्हणायला लागली, तो राग मी अजून विसरलेले नाही.) पण या चित्रफितीतला आवाज भलताच निघाला. जाड, घोगरा, तळाशी खरखर. घसा बसलेल्या प्रेमळ आत्याबाई बोलताहेत असा. मी तीस वर्षं रेडिओवर निवेदन केलं आहे. पहिल्या ऑडिशनला एका साहेबांनी माझा आवाज ऐकून "बाई, तुम्हाला सर्दी झाली आहे का?" असं विचारलं होतं. सर्दी नव्हती, आवाजच तसा होता. मग मला बरीच वर्षं बाजारभाव आणि हवामान मिळालं. त्यामुळे हा आवाज ऐकून पहिला विचार मनात आला तो हाच की ही बाई कुठल्या ऑडिशनमध्ये पास झाली?

बाईंचं नाव नोबुयो ओयामा. 1979च्या एप्रिलपासून 2005च्या मार्चपर्यंत, म्हणजे 26 वर्षं, त्या डोरेमॉन होत्या.

बुधवार, 9 ऑक्टोबर

भाची ऑफिसला, नातू शाळेत. मी एकटीच तोझाई लाईनने कायाबाचोला गेले, गाडी बदलून कामियाचोला उतरले आणि आतागो टेकडीवर निघाले. टेकडी कसली, पर्वतीच्या मानाने टेंगूळच. पण देवळाकडे जाणाऱ्या 86 दगडी पायऱ्या अशा उभ्या आहेत की वर बघताना मान दुखते. या पायऱ्या चढणाऱ्याची नोकरीत बढती होते, अशी समजूत. निवृत्त माणसाला तिचा उपयोग नाही, म्हणून मी लिफ्ट घेतली.

वर एनएचकेचं, म्हणजे जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचं, संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. 1925च्या जुलैपासून जपानी रेडिओ याच टेकडीवरून बोलू लागला. आत जुने मायक्रोफोन मांडले आहेत. काचेपलीकडचे ते जाळीदार डबे बघून मला आमच्या स्टुडिओचा वास आला. लाल दिवा लागायच्या आधी सगळे एकदम गप्प व्हायचे, तेव्हा येणारा गालिच्याचा आणि बंद हवेचा वास. 1945 सालच्या सम्राटाच्या शरणागतीच्या भाषणाची तबकडीही इथे आहे. तिच्यासमोर लोक हळू आवाजात बोलत होते. ओयामाबाईंचं नाव कुठे दिसलं नाही. अर्थात बहुतेक पाट्या जपानीत, दिसलं असतं तरी मला काय वाचता येणार होतं!

पण त्यांची गोष्ट इथे आठवायला ठीक जागा होती. शाळेत त्यांच्या आवाजाची टिंगल व्हायची. तोंड उघडलं की मुलं हसत. म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. जपानीत अशा आवाजाला दामिगोए म्हणतात, आपल्या 'घोगरा', 'भरडा'च्या जवळचा शब्द, आणि तो कौतुकाने वापरत नाहीत. आईने मात्र उलटंच सांगितलं. जे कमजोर आहे ते झाकून ठेवलं तर आणखी कमजोर होईल, तेव्हा आवाज जिथे वापरावा लागेल असंच काहीतरी कर. ओयामाबाई शाळेच्या ध्वनिक्षेपणाच्या गटात शिरल्या. पुढे रीतसर नाट्यशिक्षण, 1956 मध्ये टीव्हीवरचं नाटक, मग परदेशी मालिकांना जपानी आवाज देण्याची कामं.

1960 साली एनएचकेवर लहान मुलांसाठी तीन डुकरांची मालिका सुरू झाली, 'बू फू वू'. डुकरांचे सोंगाचे पोशाख घालून माणसं नाचत आणि आवाज दुसऱ्यांचे. थोरला बू म्हणजे ओयामा. धाकट्या वूचा आवाज कुणाचा असेल? तेत्सुको कुरोयानागी यांचा. आपल्याकडे ज्या घरात पुस्तकांचा एक तरी खण आहे तिथे 'तोत्तोचान' असतंच. ती खिडकीत उभं राहून बँडवाल्यांना हाका मारणारी, शाळेतून काढून टाकलेली मुलगी मोठी होऊन धाकटं डुक्कर झाली आणि जिच्या आवाजाला मुलं हसायची ती थोरलं. 1967 पर्यंत ही मालिका चालली. शाळेने नको म्हटलेल्या दोन पोरी सात वर्षं देशभरच्या पोरांना रिझवत होत्या, हे वाचल्यावर माझा जीव किती थंड झाला म्हणून सांगू!

बाहेर बाकावर बसून भाचीने दिलेला भाताचा त्रिकोण उघडला. आत मासा निघाला नाही, लोणच्यासारखी आंबट-खारट उमेबोशी निघाली. घरचीच वाटली.

गुरुवार, 10 ऑक्टोबर

आज भाचीने रजा टाकली. शिंजुकूहून ओदाक्यू लाईनने नोबोरितो. स्टेशनच डोरेमॉनच्या हवाली केलेलं, पाट्यांपासून फलाटावरच्या धूनपर्यंत. तिथून बसने कावासाकीचं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय, डोरेमॉनच्या चित्रकाराचं. तिकीट आधी काढावं लागतं, त्यावर दिवस आणि तास छापलेला. आमची दहाची वेळ होती. वेळेनंतर अर्ध्या तासात आत शिरायचं, नाहीतर राहा बाहेर. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तालाही एवढी शिस्त नसते.

2011च्या 3 सप्टेंबरला हे सुरू झालं. तारीख मुद्दाम धरलेली, कारण डोरेमॉनचा जन्म 3 सप्टेंबर 2112चा आहे. आत फुजिओंची मूळ चित्रं. कागद जरा पिवळट झालेला, पेन्सिलीची निळी रेघ शाईखालून डोकावते, संवादांच्या फुग्यांत छापील अक्षरांचे कपटे चिकटवलेले. तिथे फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. मी एका चित्रासमोर पाच मिनिटं उभी राहिले. नोबिता, डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो तो मुलगा, रडतो आहे आणि डोरेमॉन तोंड उघडून काहीतरी सांगतो आहे. पूर्ण नि:शब्द. ज्याने हे काढलं त्याच्या कानात तेव्हा कुठला आवाज असेल?

याचं उत्तर जपानात बहुतेकांना ठाऊक आहे. 1979 मध्ये ओयामाबाईंची भीत भीत फुजिओंशी गाठ पडली, तेव्हा ते म्हणाले की डोरेमॉनचा आवाज असा होता तर! म्हणजे निर्मात्यालाही तो ऐकल्यावर कळला. त्याआधी 1973 साली एकदा डोरेमॉन टीव्हीवर येऊन सहा महिन्यांत गेलाही होता. तेव्हा पहिला आवाज होता कोसेई तोमिता या पुरुष कलावंताचा. मध्येच तो बदलून मासाको नोझावा आल्या, पुढे 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू झालेल्या त्याच नोझावा. आवाज चांगले होते, पण बसले नाहीत. ओयामाबाईंना हे काम मिळालं तेव्हा त्या 45 वर्षांच्या होत्या. आमच्या क्षेत्रात या वयाला बाईला "आता जरा नव्या मुलींना संधी देऊ या" असं ऐकवतात.

त्यांनी एक गोष्ट मनाशी ठरवली होती असं सांगतात. हा मुलांना सांभाळायला भविष्यातून आलेला यंत्रमानव, तर त्याच्या पोटात शिव्या आणि उर्मट शब्द कुणी भरलेच नसणार. म्हणून त्यांचा डोरेमॉन "मी डोरेमॉन आहे" असं अदबीने, शेवटी 'देस' लावून सांगतो. हा फरक मला भाचीने दोन्ही तऱ्हेने बोलून दाखवला. एका 'देस'ने मांजराचा मास्तर होतो.

भाचीला मी रेकॉर्डिंगबद्दल विचारलं. इथे आधी चित्र हलतं करतात आणि मग आवाज भरतात, त्याला 'अफुरेको' म्हणतात. एका खोलीत तीन-चार मायक्रोफोन, मागे सगळे कलावंत, हातात बाड. आपलं वाक्य आलं की उठून माईकपाशी यायचं, बोलायचं, पुढच्याला वाट करून द्यायची. कुणी कुणाला धडकायचं नाही, पायाचा आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे पान उलटल्याचा आवाज नाही. हे ऐकून मी भर संग्रहालयात टाळी दिली. नभोनाट्याला आमचंही हेच! स्क्रिप्टला पिन लावायची नाही, सुटे कागद, वाचून झालेलं पान दोन बोटांनी खाली सरकवायचं, श्वास घेतल्यासारखं. एकदा माझ्या हातून एक पान सळसळलं होतं. ती सळसळ अजून आठवली की घाम फुटतो. ओयामाबाई 26 वर्षं त्याच पाच जणांच्या घोळक्यात उभ्या होत्या : नोबिता नोरिको ओहारा, शिझुका मिचिको नोमुरा, सुनिओ कानेता किमोत्सुकी, जियान काझुया तातेकाबे. 1980 ते 2004 या काळात दरवर्षी एक असे 25 चित्रपट झाले. 2005 मध्ये पाचही जण एकदम पायउतार झाले आणि डोरेमॉन वासाबी मिझुतांकडे गेला.

एक गोष्ट बघायला खास माझ्या नातवाने पाठवलं होतं. बाहेर एक हातपंप आहे. हापसलं की विहिरीतून जियान, गोष्टीतला दांडगट पोरगा, वर येतो, पण गोरागोमटा, टपोऱ्या डोळ्यांचा, देखणा. कथा अशी की जियान तळ्यात पडतो आणि देवी वर येऊन विचारते, तुझा मित्र हा का? आपला लाकूडतोड्या आणि सोन्याची कुऱ्हाड! मी चारदा हापसलं. मागे बालवाडीची रांग उभी होती, त्यांनी सभ्यपणे वाट पाहिली.

परत येताना भाची म्हणाली, "अगं मावशी, तुझी बाई कुठेच नव्हती की." खरंच नव्हती. हे चित्रकाराचं घर, आवाजाचं तिथे काय काम? तरी मला जरा लागलं. ओयामाबाई आता कशा असतील, असं मी विचारलं. 2008 मध्ये मेंदूचा झटका येऊन गेला होता, पुढे विस्मरण जडलं, ते 2015 मध्ये त्यांच्या यजमानांनी रेडिओवरून जाहीर केलं. ते केइसुके सागावाही 2017 साली गेले. "नव्वदीच्या आहेत," भाची म्हणाली. आम्ही दोघी वर्तमानकाळात बोलत होतो.

शुक्रवार, 11 ऑक्टोबर

सकाळच्या कागायाकी बुलेट ट्रेनने तोयामा, तिथून लोकलने वीसेक मिनिटांत ताकाओका. फुजिओंचं जन्मगाव. सोमवारची क्रीडादिनाची सुट्टी जोडून तीन दिवस मोकळे, म्हणून गाडी भरलेली.

ताकाओका पितळेच्या आणि काशाच्या कामाचं गाव. आपली तांबट आळी मोठी करून तिला महानगरपालिका द्यावी, तसं. स्टेशनातच डोरेमॉनची ओतीव टपालपेटी आहे, गुळगुळीत, थंड. तिच्यात टाकलेल्या पत्रावर वेगळा शिक्का उमटतो म्हणे. नातवाच्या नावे एक कार्ड लिहिलं आणि टाकलं. बाहेर चौकात नोबिताची सगळी टोळी ब्राँझमध्ये उभी आहे. पावसापाण्याने काळपट झालेली, पण डोरेमॉनचं डोकं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी चकचकीत, आपल्याकडे नंदीच्या पाठीचं होतं तसंच. डोरेमॉनच्या रंगातली ट्राम इथे धावते असं वाचलं होतं. माझ्या वाट्याला साधी आली.

या गावाला कोरोक्केचाही अभिमान. बटाट्याचा सारण भरून तळलेला गोळा, बटाटेवड्याचा मसाला न घातलेला चुलतभाऊ. एका छोट्या दुकानात बिनमांसाचा मागितला. दुकानदारीण आजीबाईंनी तीनदा खात्री करून दिला. कागदात गुंडाळलेला, बोटं भाजत होती. तेवढ्यात फोन थरथरला. भाचीचा निरोप :

"मावशी, ओयामा नोबुयो गेल्या. आत्ता बातमी आली."

खाली तारीख होती. 29 सप्टेंबर. वार्धक्याने. जवळच्या माणसांनी सगळं उरकल्यावर आज जाहीर केलं. म्हणजे मी पुण्यात बॅग भरत होते तेव्हाच त्या गेल्या होत्या.

आजीबाईंनी माझा चेहरा बघून काहीतरी विचारलं. मी फोनवरचं त्यांचं छायाचित्र दाखवलं. "आ…" एवढंच त्या म्हणाल्या. मग मान खाली घालून घसा खरवडला आणि एकदम, तंतोतंत, त्या जाड आवाजात दोनच शब्द बोलल्या : "बोकू, दोराएमोन." मी डोरेमॉन. आणि हसल्या आणि डोळे पुसले. साठीपुढच्या बाई. त्यांची मुलं 1979 नंतर कधीतरी लहान असणार. मला जपानी येत नाही आणि त्यांना मराठी, पण त्यानंतर आम्हाला बोलायला काही लागलं नाही. कोरोक्केचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी बळेच ठेवले.

दुपारी दाइबुत्सूसमोर जाऊन बसले. ताकाओकाचा हा ब्राँझचा बुद्ध जवळजवळ 16 मीटर उंच. पूर्ण झाला 1933 मध्ये. उगाच आकडेमोड करत बसले. त्याच 1933च्या 16 ऑक्टोबरला ओयामाबाई जन्मल्या, 1 डिसेंबरला याच गावात फुजिओ, ऑगस्टमध्ये तोत्तोचान. आणि 8 सप्टेंबरला सांगलीत आशाताई! काय पाणी होतं त्या वर्षीच्या विहिरींना, कोण जाणे.

रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावला. प्रत्येक बातमीत त्याच. जुनी चित्रं, रेकॉर्डिंगची खोली, हातात बाड घेतलेल्या बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाई, चष्मा नाकावर. मी टीव्हीचा आवाज ठेवला आणि चित्राकडे पाठ केली. तीस वर्षांची सवय, आवाज असाच ऐकावा. खरखर तळाला होती, पण वाक्याच्या शेवटी ती वर उचलली जात होती. रडणाऱ्या पोराला काखेत हात घालून उठवावं तशी.

शनिवार, 12 ऑक्टोबर

परत तोक्योत. वाटेत काही लिहिण्यासारखं नाही, झोपले.

घरी जावयांनी वेगळीच बाजू सांगितली. त्यांच्या खेळप्रेमी मित्रांत ओयामाबाईंचं नाव निघतं ते 'अर्कनॉइड'मुळे. 1986 सालचा चेंडूने विटा फोडायचा व्हिडिओ गेम, आणि त्यात या बाई थक्क करणाऱ्या तरबेज. स्वयंपाकाची पुस्तकंही लिहिली. आणि 2010 मध्ये एका रहस्यमय गेममध्ये त्याच प्रेमळ आवाजात शाळकरी मुलांना एकमेकांचा खून करायला लावणारं काळंपांढरं अस्वल रंगवलं, मोनोकुमा. "आमची झोप उडाली होती," जावई म्हणाले. लहानपणी ज्या आवाजाने धीर दिला, त्यानेच घाबरवायचं! सत्तरी ओलांडल्यावर एवढा खट्याळपणा करायला छाती लागते. 'देस' म्हणणाऱ्या मास्तराच्या आत हेही होतं तर.

संध्याकाळी भाचीने नातवाला शेजारी बसवून फोनवर जुना डोरेमॉन लावला. तो मिझुतांच्या डोरेमॉनवर वाढलेला. अर्धा मिनिट ऐकलं आणि नाक मुरडलं.

"हा खोटा आहे."

"का रे?"

"आजीसारखा बोलतो."

भाची दचकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी इतकी हसले की खोकला आला, आणि खोकल्यानंतर आवाज आणखीच बसला. नातू माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग उठून आत गेला आणि कपाटातून डोरेमॉनचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला.

ठरलं असं की भाची जपानी वाचून मराठीत सांगणार, आणि डोरेमॉनची वाक्यं मी म्हणणार. नोबिता नातवाकडे. बाड माझ्या मांडीवर. पहिलं पान उलटलं, दोन बोटांनी, आवाज न करता. दुसऱ्याच चित्रात अडलो. डोरेमॉन पोटातल्या खिशातून डोक्यावर लावून उडायचं ते यंत्र काढतो, ताकेकोप्टर. ताके म्हणजे बांबू.

"बांबूचं हेलिकॉप्टर?" भाची.

"लांब होतंय. एका श्वासात बसलं पाहिजे."

"पंखा?"

"पंखा छताला असतो," नातू म्हणाला.

मी घसा खाकरला आणि खिशातून काहीतरी काढल्यासारखा हात वर केला.

"भिरभिरं!"

त्याने क्षणभर विचार केला आणि नोबिताचं वाक्य घेतलं.